गूढलेखनाची डागडुजी : ओपनएसएसएलच्या संहितेतील चार दुरुस्त्या

१. विषयाची मांडणी

गूढलेखनाचा इतिहास सामान्यतः गूढलिपी रचणाऱ्यांचा आणि ती फोडणाऱ्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. या दोन वर्गांखेरीज एक तिसरा वर्ग आहे. तो म्हणजे रचलेल्या व्यवस्थेची डागडुजी करणाऱ्यांचा. त्याच्याकडे लक्ष गेले ते अगदी अलीकडे, आणि तेही मोठी पडझड झाल्यावर. प्रस्तुत लेखात या तिसऱ्या वर्गाच्या कामाचा विचार करावयाचा असून त्यासाठी ओपनएसएसएल या एकाच संहितेचा इतिहास तपासला आहे.

संगणकाला द्यावयाच्या आज्ञांच्या लिखित मजकुराला येथे ‘संहिता’ असे म्हटले आहे. अनेक प्रोग्रॅमांना वारंवार लागणारे एखादे काम एकदाच नीट लिहून ठेवावे आणि ज्याला हवे त्याने ते तेथून घ्यावे, या सोयीसाठी जो संहितांचा संग्रह केला जातो त्याला संगणकशास्त्रात ‘लायब्ररी’ म्हणतात. गूढलेखनाच्या बाबतीत ही सोय जवळजवळ अनिवार्य ठरते. संदेश कुलूपबंद करण्याचे गणित अवघड असते, आणि गणित बरोबर असूनही त्याच्या लेखनातील बारीकशा चुकीने सगळे संरक्षण वाया जाऊ शकते. म्हणून प्रत्येकाने स्वतःची संहिता लिहिण्याऐवजी जाणकारांनी लिहिलेली एकच वापरावी, हा शहाणपणाचा मार्ग मानला गेला. या शहाणपणाची दुसरी बाजू अशी की, त्या एका संहितेत दोष राहिला तर तो बँकेच्या, रुग्णालयाच्या, सरकारी कचेरीच्या आणि घरगुती संगणकाच्या वाट्याला एकाच वेळी येतो.

अशा दोषावरील दुरुस्तीला ‘पॅच’ म्हणजे ठिगळ हा शब्द रूढ आहे. कागदी फितीवर भोके पाडून संहिता लिहिली जात असे, त्या काळातला तो शब्द. चुकीच्या जागी तेव्हा खरोखरच कागदाचा तुकडा चिकटवीत. शब्द सोयीचा खरा, पण फसवा आहे. ठिगळ फाटलेल्या जागी बाहेरून लागते. ते लावणाऱ्याला कापड कोणी विणले व कशासाठी विणले हे कळण्याची गरज नसते. संहितेतील दुरुस्ती मात्र मजकुराच्या आत करावी लागते. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला या फरकाचे महत्त्व सांगावयास नको. नकलकाराच्या नजरचुकीने शिरलेला अपपाठ बहुधा ओळखता येतो. परंतु ‘येथे काही चुकले आहे’ असे समजून एखाद्या जाणत्या नकलकाराने केलेली सुधारणा अधिक घातक ठरते, कारण तिच्यानंतर मजकूर निर्दोष दिसू लागतो. ओपनएसएसएलच्या इतिहासावरून असे दाखविता येते की, दुरुस्ती हे प्रथमतः वाचनाचे काम आहे. आणि ज्या मजकुरावर कोट्यवधी लोकांचा भरवसा होता तो वाचण्याची जबाबदारी कोणाची, हे दीर्घकाळ कोणी ठरविलेच नव्हते.

२. पूर्वपीठिका

१९९० नंतरच्या दशकात वर्ल्ड वाइड वेबवरून व्यापार करण्याची शक्यता दिसू लागली. तेव्हा ग्राहकाचा संगणक आणि दुकानदाराचा सर्व्हर यांच्यातील संभाषण गुप्त राहावे म्हणून अमेरिकेतील नेटस्केप कंपनीने ‘एसएसएल’ नावाची नियमावली सिद्ध केली. तिची दुसरी आवृत्ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. १९९९ पासून याच परंपरेतील नियमावलीला ‘टीएलएस’ हे नाव मिळाले. त्या वेळी अमेरिकेच्या कायद्याने प्रबळ गूढलेखन युद्धसामग्रीच्या यादीत घातले होते. परदेशी पाठवावयाच्या प्रोग्रॅमांत मुद्दाम दुर्बळ, ४० बिटांच्या किल्ल्या ठेवाव्या लागत. १९९६ च्या अखेरीस हा विषय वाणिज्य खात्याकडे गेला आणि जानेवारी २००० मध्ये निर्बंध बरेच सैल झाले.

अमेरिकेचा हा कायदा ऑस्ट्रेलियात लागू नव्हता. तेथील एरिक यंग आणि टिम हडसन या दोघांनी १९९५ पासून एसएसएलची स्वतंत्र संहिता लिहून सर्वांना मोफत खुली केली. तिचे नाव ‘एसएसएलईएवाय’. त्यातील शेवटची तीन अक्षरे ही यंग यांच्या नावाची आद्याक्षरे होत. १९९८ साली हे दोघे एका व्यापारी कंपनीच्या नोकरीत गेले व त्यांचे या संहितेवरील काम थांबले. तेव्हा मार्क कॉक्स, राल्फ एंगेलशाल, स्टीफन हेन्सन, बेन लॉरी आणि पॉल सटन यांनी ती पुढे चालविण्याचे ठरविले. डिसेंबर १९९८ मध्ये ‘ओपनएसएसएल’ या नव्या नावाने तिची पहिली आवृत्ती निघाली. मूळ कर्त्यांनी हात काढून घेतल्यावर मजकूर उत्तराधिकाऱ्यांकडे आला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढील काळात ज्यांनी या संहितेत हात घातला त्यांपैकी बहुतेकांना तिचे मूळ हेतू वाचून किंवा विचारूनच समजून घ्यावे लागले.

जुन्या काळाचे अवशेषही या मजकुरात टिकून राहिले. निर्यातीच्या कायद्यासाठी ठेवलेल्या ५१२ बिटांच्या दुर्बळ किल्ल्यांची सोय कायदा सैल झाल्यानंतरही पंधरा वर्षे संहितेत होती. ‘फ्रीक’ या नावाने मार्च २०१५ मध्ये जाहीर झालेल्या हल्ल्याने नेमका तिचाच उपयोग करून घेतला. भाषेत जसे लुप्त व्यवहाराचे शब्द मागे उरतात तसाच हा प्रकार. फरक एवढाच की, भाषेतील असे शब्द निरुपद्रवी असतात.

३. डेबियन : सुधारणेने केलेला बिघाड

ओपनएसएसएल मोफत व खुली असल्यामुळे तिच्या प्रती अनेक संस्थांनी आपापल्या वितरणात घेतल्या. लिनक्सवर आधारलेली ‘डेबियन’ ही त्यांपैकी एक प्रमुख प्रणाली. अशा प्रणालीत प्रत्येक लायब्ररीची देखभाल करणारा एक स्वयंसेवक असतो. तो मूळ संहितेत आपल्या प्रणालीपुरते फेरफार करून ती वितरित करतो. अर्थात एका मूळ ग्रंथाच्या अनेक शाखा निर्माण होतात, आणि एका शाखेत झालेला फेरफार मूळ शाखेला ठाऊक असतोच असे नाही.

२००६ साली डेबियनच्या शाखेत जे घडले ते समजण्यासाठी एक तांत्रिक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. कोणतीही गुप्त किल्ली शेवटी एक फार मोठी संख्या असते. तिचे सामर्थ्य ती संख्या इतरांना तर्काने सांगता येऊ नये यावर अवलंबून असते. यासाठी ओपनएसएसएल निरनिराळ्या ठिकाणांहून अनिश्चित माहिती गोळा करी, ती एका साठ्यात घुसळी आणि त्यातून यादृच्छिक संख्या काढी. घुसळण्याची आज्ञा देणारी एक ओळ संहितेत दोन ठिकाणी होती. दोन्ही ठिकाणी तिचे शब्द अगदी तेच होते. एके ठिकाणी ती बाहेरून आलेली अनिश्चित माहिती साठ्यात मिसळी. सारे काम तिच्यावर अवलंबून होते. दुसऱ्या ठिकाणी ती, संख्या ज्या जागेत भरून द्यावयाची त्या जागेतील जुना, अर्थहीन मजकूर ‘असला तर असू द्या’ म्हणून मिसळून घेई. ती नसती तरी फारसे बिघडले नसते.

संहितेतील चुका शोधणारी ‘व्हॅलग्रिंड’सारखी साधने असतात. स्मृतीच्या ज्या भागाला आरंभी मूल्य दिलेले नाही तो भाग प्रोग्रॅमने वाचला, की ती सूचना देतात. सामान्य प्रोग्रॅममध्ये असे वाचन म्हणजे हमखास चूक समजावी. ओपनएसएसएल वापरणाऱ्या प्रोग्रॅमांत या सूचनांचा पूर येऊ लागला आणि त्यांचा माग या दोन ओळींपर्यंत पोचला. डेबियनच्या देखभालकर्त्याने मे २००६ मध्ये ओपनएसएसएलच्या विकासकांना पत्र घालून विचारले की, या दोन ओळी काढल्या तर चालेल काय. परिणाम काय होईल याची आपल्याला कल्पना नाही, हेही त्याने प्रांजळपणे सांगितले. सूचनांमुळे चुका शोधण्यास अडथळा होत असेल तर ओळी काढण्यास अनुकूल असे उत्तर विकासकांपैकी एकाकडून आले. विचारणाऱ्याच्या मनात लाखो लोकांना वितरित करावयाची प्रत होती. ‘चुका शोधण्यासाठी’ हा शब्दप्रयोग मात्र उत्तर देणाऱ्याला तात्पुरत्या प्रयोगाचा वाटणे शक्य होते. अंतिम फेरफार तपासणीसाठी मूळ संघाकडे गेला नाही. १७ सप्टेंबर २००६ रोजी तो डेबियनच्या वितरणात दाखल झाला. एका शब्दाचे दोन प्रसंगी दोन अर्थ होऊ शकतात हा भाषाशास्त्रातला पहिला धडा होय. येथे समान शब्दांच्या दोन ओळी समानार्थी मानल्या गेल्या.

परिणाम असा झाला की, किल्ली तयार करताना अनिश्चिततेचे एकच साधन उरले : चालू प्रोग्रॅमला प्रणालीने दिलेला अनुक्रमांक. त्याची कमाल मर्यादा ३२,७६८ होती. म्हणजे विशिष्ट प्रकारच्या यंत्रावर विशिष्ट लांबीची जी किल्ली अगणित संख्यांतून निवडली जावयास हवी, ती जेमतेम तेहतीस हजारांतून निवडली जाऊ लागली. एवढ्या किल्ल्या एकेक करून लावून पाहणे संगणकाला थोड्या वेळाचे काम आहे. तरीही कोठेच काही बिघडल्यासारखे दिसत नव्हते. किल्ल्या तयार होत होत्या, कुलपे लागत होती व उघडत होती, आणि सूचनांचा त्रासही थांबला होता.

ल्युसियानो बेल्लो या डेबियनच्या विकासकाच्या ध्यानात हा दोष आला व १३ मे २००८ रोजी तो दुरुस्तीसह जाहीर झाला. मध्ये वीस महिने लोटले होते. एप्रिल २००७ मध्ये निघालेल्या डेबियनच्या चौथ्या आवृत्तीत तो होता, तसेच डेबियनवरून तयार होणाऱ्या उबुंटूतही होता. गेलेली ओळ परत आणणे सोपे होते. परंतु मजकूर सुधारल्याने त्या मजकुरातून बाहेर पडलेल्या किल्ल्या सुधारत नव्हत्या. दुर्बळ किल्ल्या लोकांनी इतर यंत्रांवर नेल्या होत्या. ज्यांनी डेबियन कधी वापरलेही नव्हते अशांच्या सर्व्हरचे दरवाजे त्या किल्ल्यांनी उघडत होते. इतकेच नव्हे, तर ‘डीएसए’ या पद्धतीत प्रत्येक स्वाक्षरीसाठी नवी गुप्त संख्या लागते, आणि ती ओळखता आली तर स्वाक्षरीवरून मूळ किल्ली काढता येते. त्यामुळे निर्दोष यंत्रावर तयार झालेली किल्ली सदोष यंत्रावर स्वाक्षरीसाठी एकदाच वापरली असली, तरी तीही बाद समजावी लागली. डेबियनला दुर्बळ किल्ल्यांच्या याद्या प्रसिद्ध कराव्या लागल्या व त्यांवरून प्रत्येक किल्ली पडताळून पाहण्याचे काम जगभरच्या व्यवस्थापकांच्या माथी आले.

४. हार्टब्लीड : न उतरलेले वाक्य

डेबियनचा दोष एका शाखेतला होता. पुढचा मोठा दोष मूळ ग्रंथातच शिरला.

फेब्रुवारी २०१२ मध्ये टीएलएसच्या नियमावलीला ‘हार्टबीट’ म्हणजे हृदयस्पंदन नावाची एक पुरवणी जोडण्यात आली. दोन संगणकांतील संबंध जिवंत आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी एकाने दुसऱ्याकडे एखादा लहानसा मजकूर पाठवावा आणि दुसऱ्याने तोच जसाच्या तसा परत करावा, अशी ती योजना. पाठविणारा मजकुरासोबत त्याची लांबीही सांगतो. सांगितलेली लांबी खऱ्या लांबीपेक्षा अधिक असेल तर काय करावे, याचे उत्तर नियमावलीत स्पष्ट दिले होते : असा संदेश काही न बोलता टाकून द्यावा.

ही पुरवणी ओपनएसएसएलमध्ये आणणारी संहिता जर्मनीतील एका संशोधक विद्यार्थ्याने लिहिली. नियमावलीच्या कर्त्यांपैकीही तो एक होता. संघातील एका सदस्याने तपासून ती ३१ डिसेंबर २०११ रोजी दाखल करून घेतली आणि १४ मार्च २०१२ रोजी निघालेल्या १.०.१ या आवृत्तीबरोबर ती सर्वत्र गेली. नियमावलीतील ते एक वाक्य मात्र संहितेत उतरलेच नाही. ज्याला नियम ठाऊक होता त्याच्याच हातून ते सुटले, आणि तपासणाऱ्यालाही त्याची उणीव जाणवली नाही. ही दोघांच्या हेळसांडीची गोष्ट मानणे अन्यायाचे होईल. जे लिहिले आहे त्यातील चूक दिसते. जे लिहावयाचे राहिले ते दिसण्यासाठी वाचकाला मजकुराबाहेरचा मजकूरही डोळ्यांपुढे ठेवावा लागतो.

या उणिवेचा उपयोग कोणालाही करता येत होता. पाठविणाऱ्याने एक अक्षर पाठवावे आणि लांबी मात्र हजारो अक्षरांची सांगावी. सर्व्हर सांगितलेल्या लांबीवर विश्वास ठेवी, आलेले एक अक्षर उचली आणि उरलेली भरती आपल्या स्मृतीत त्याच्या शेजारी जे काही पडले असेल त्याने करून परत पाठवी. लांबीसाठी दोन बाइटांची जागा असल्याने एका वेळी सुमारे ६४ किलोबाइटपर्यंत स्मृती बाहेर येई, आणि हे कितीही वेळा करता येई. शेजारी कधी कोणाचा पासवर्ड असे, कधी पत्राचा भाग, तर कधी सर्व्हरची स्वतःची गुप्त किल्ली. शिवाय या चोरीची सर्व्हरच्या नेहमीच्या नोंदवहीत खूण राहत नसे.

गूगलमधील नील मेहता आणि फिनलंडमधील कोडेनॉमिकॉन कंपनीचे अभियंते यांना हा दोष स्वतंत्रपणे सापडला. ७ एप्रिल २०१४ रोजी तो जाहीर झाला. त्याच दिवशी दुरुस्त आवृत्ती निघाली. दुरुस्तीचा गाभा दोन प्रश्नांचा होता. संदेशाच्या प्रकारासाठी एक बाइट, लांबीसाठी दोन आणि भरतीसाठी किमान सोळा, एवढी तरी लांबी आलेल्या संदेशाला आहे काय? आणि त्यात सांगितलेल्या मजकुराची लांबी मिळविली तर बेरीज संदेशात मावते काय? उत्तर नकारार्थी असल्यास संदेश टाकून द्यावा. नियमावलीतील वाक्य दोन वर्षांनी संहितेत आले.

तोवर दोषाची व्याप्ती मोठी झाली होती. नेटक्राफ्ट या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे गूढलेखन वापरणाऱ्या संकेतस्थळांपैकी सुमारे १७.५ टक्के, म्हणजे मान्यताप्राप्त प्रमाणपत्रे असलेली जवळजवळ पाच लाख ठिकाणे उघडी होती. कॅनडाच्या महसूल खात्याने ८ एप्रिल रोजी आपले ऑनलाइन व्यवहार थांबविले. तरी मधल्या सहा तासांत सुमारे ९०० करदात्यांचे सामाजिक विमा क्रमांक कोणीतरी काढून नेले होते. विवरणपत्रे भरण्याची ३० एप्रिलची मुदत त्या खात्याला ५ मेपर्यंत वाढवावी लागली. सर्व्हरची मूळ किल्ली या मार्गाने मिळणे कठीण असावे असे प्रथम काहींना वाटले होते. क्लाउडफ्लेअर कंपनीने ११ एप्रिल रोजी मुद्दाम एक सदोष सर्व्हर उभा करून तसे जाहीर आव्हान दिले, आणि त्याच दिवशी किल्ली काढून दाखविण्यात आली. म्हणजे येथेही डेबियनचाच अनुभव आला. नवी आवृत्ती बसविणे ही दुरुस्तीची पहिली पायरी ठरली. त्यानंतर किल्ल्या बदलणे, जुनी प्रमाणपत्रे रद्द करणे आणि लोकांना पासवर्ड बदलावयास सांगणे हे लांबलचक काम उरले.

हार्टब्लीडनंतर प्रथमच एक साधा प्रश्न मोठ्याने विचारला गेला : ही संहिता सांभाळते कोण? ओपनएसएसएल प्रतिष्ठानाच्या अध्यक्षांनी दिलेल्या माहितीनुसार प्रतिष्ठानाला देणग्यांच्या रूपाने वर्षाला सुमारे २,००० डॉलर मिळत. बाकीचे उत्पन्न करारावर केलेल्या कामांतून येई आणि पूर्णवेळ काम करणारा मनुष्य एकच होता. संहिता खुली असली की ती पाहणारे डोळे अनेक, आणि डोळे अनेक असले की चुका लपत नाहीत, असा विश्वास मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत रूढ होता. तो निराधार म्हणता येणार नाही. दोन्ही दोष शेवटी हाती लागले. परंतु वाचण्याची मुभा असणे आणि कोणीतरी प्रत्यक्ष वाचणे यांतील अंतर त्या विश्वासाने गृहीत धरले नव्हते.

२४ एप्रिल २०१४ रोजी लिनक्स फाउंडेशनने अशा पायाभूत संहितांच्या देखभालीसाठी एक निधी जाहीर केला. अमेझॉन, सिस्को, फेसबुक, गूगल, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आदी कंपन्या त्यात सामील झाल्या. त्याच महिन्यात ओपनबीएसडीच्या विकासकांनी ‘लिब्रेएसएसएल’ ही वेगळी शाखा काढून निरुपयोगी झालेल्या हजारो ओळी छाटल्या. जूनमध्ये गूगलने ‘बोरिंगएसएसएल’ ही आपली शाखा जाहीर केली. ओपनएसएसएलनेही सुरक्षादोष कसे हाताळावयाचे याचे लिखित धोरण प्रसिद्ध केले आणि प्रत्येक फेरफार दुसऱ्या सदस्याने तपासल्याची नोंद आवश्यक केली. वाचकाचे पद अशा रीतीने प्रथमच निर्माण झाले.

५. दुरुस्तीच्या पोटातील दोष

पद निर्माण झाल्याने काम सोपे झाले असे मात्र नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील नदीम अल्फरदान आणि केनेथ पॅटर्सन यांनी ‘लकी थर्टीन’ नावाचा एक सूक्ष्म हल्ला प्रसिद्ध केला होता. त्यात मजकूर चोरावयाचा तो सर्व्हरला उत्तर देण्यास लागणाऱ्या वेळातील अत्यल्प फरकावरून. संदेशाच्या शेवटी जोडलेली भरती बरोबर असेल तर तपासणीला एक वेळ लागे, चूक असेल तर दुसरा. या फरकाचे पुष्कळ मोजमाप केले की गुप्त मजकुराचा तर्क करता येई. उपाय म्हणून ओपनएसएसएलमधील तपासणी अशी नव्याने लिहिली गेली की, भरती कशीही असो, नेहमी तितकेच बाइट वाचले जावेत व तितकाच वेळ लागावा.

हे करताना एक जुनी तपासणी गळली. संदेशात खूणमुद्रा आणि भरती या दोन्ही मावतील इतके बाइट मुळात आहेत काय, हे पाहणेच राहून गेले. इंटेलच्या प्रक्रियकांतील खास आज्ञा वापरणाऱ्या भागात ही उणीव होती. परिणामी वेळावरून मजकूर ओळखण्याचा जो मार्ग बंद करावयाचा होता त्याच्या शेजारीच मजकूर ओळखण्याचा दुसरा, अधिक सोपा मार्ग उघडला. जर्मनीतील संशोधक युराय सोमोरोव्स्की यांनी तो शोधला व मे २०१६ मध्ये त्याची दुरुस्ती निघाली. हा दोष पूर्वीच्या दुरुस्तीतूनच आला असल्याचे संघाने आपल्या निवेदनात नमूद केले. डेबियनमध्ये दुरुस्त्याला ओळीचा हेतू कळला नव्हता. येथे दुरुस्ती करणारे जाणकार होते आणि त्यांचा हेतूही अचूक होता. नव्या हेतूकडे लक्ष देताना त्याच ओळी दुसराही एक हेतू सांभाळीत होत्या, तो मात्र निसटला.

६. एका चिन्हाची दुरुस्ती

चौथे उदाहरण २०२२ सालचे असून लिपीच्या अभ्यासकाला ते विशेष जवळचे वाटावे. इंटरनेटवरील नावांची मूळ व्यवस्था रोमन अक्षरे, अंक व जोडरेघ एवढ्यांवर चालते. इतर लिप्यांतील नावे तिच्यात बसविण्यासाठी ‘प्यूनीकोड’ नावाची रूपांतर-पद्धती मार्च २००३ मध्ये प्रमाण ठरली. देवनागरीतील नाव या पद्धतीने रोमन अक्षरांच्या व अंकांच्या एका मालिकेत बदलते आणि वाचकापुढे येताना पुन्हा देवनागरी होते. ऑगस्ट २०१४ मध्ये मराठी, हिंदी, कोंकणी इत्यादी भाषांसाठी सुरू झालेला ‘.भारत’ हा नामप्रदेश याच पद्धतीवर उभा आहे. रोमनेतर लिप्यांतील ई-मेलचे पत्ते प्रमाणपत्रांत तपासता यावेत म्हणून ओपनएसएसएलच्या सप्टेंबर २०२१ मध्ये निघालेल्या ३.० या आवृत्तीत प्यूनीकोड उलगडणारी नवी संहिता घालण्यात आली.

ठरलेल्या जागेत अक्षरे भरताना जागा संपली की थांबावे, असा त्या संहितेत नियम होता. परंतु लिहिलेल्या अक्षरांची संख्या मर्यादेपेक्षा ‘मोठी’ आहे काय, एवढेच तेथे विचारले होते. ‘मोठी किंवा समान’ असे विचारावयास हवे होते. बरोबरीचे एक चिन्ह राहिल्यामुळे एक अक्षर, म्हणजे चार बाइट, जागेबाहेर लिहिले जाऊ शकत होते. या दोषाचा तपास चालू असता व्हिक्टर दुखोव्हनी यांना त्याच भागात आणखी एक दोष आढळला. त्यात जागेबाहेर फक्त पूर्णविरामाचीच चिन्हे, पण कितीही, सांडता येत होती.

या वेळी दुरुस्तीची रीत बदललेली दिसते. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी संघाने दोषाचे स्वरूप न सांगता, १ नोव्हेंबरला अतिगंभीर दोषावरील दुरुस्ती येणार आहे, एवढेच जाहीर केले. आपल्याकडे कोणत्या यंत्रावर कोणती आवृत्ती आहे हे शोधण्यास जगभरच्या व्यवस्थापकांना आठवडा मिळाला. दरम्यान निरनिराळ्या प्रणालींवर तपासणी होऊन दोषाची श्रेणी ‘अतिगंभीर’वरून ‘गंभीर’वर आणली गेली. अनेक प्रणालींवर ते चार बाइट निरुपयोगी जागेत पडत होते आणि हल्ल्यासाठी प्रमाणपत्रावर अधिकृत स्वाक्षरी मिळणेही बहुधा आवश्यक होते. जुन्या १.१.१ या मालिकेत हा दोष नव्हताच. घबराट अकारण झाली अशी टीकाही झाली. तथापि डेबियन आणि हार्टब्लीडच्या वेळी दोष जाहीर झाल्यावर धावपळ सुरू झाली होती. येथे तयारी आधी झाली.

७. समारोप

या चार दुरुस्त्या एका जातीच्या नाहीत. हार्टब्लीड आणि प्यूनीकोड यांतील चुका स्मृतीच्या मर्यादा ओलांडण्याच्या होत्या. सी भाषेऐवजी, अशी मर्यादा स्वतः तपासणाऱ्या रस्टसारख्या भाषेत संहिता लिहिली तर त्या टळू शकतात, असे आज प्रतिपादन केले जाते व त्यात तथ्य आहे. परंतु डेबियनमधील चूक कोणत्याही भाषेत झाली असती. तेथे व्याकरण निर्दोष होते, यंत्राची तपासणीही समाधानी होती. गेला होता तो अर्थ. २०१३ च्या दुरुस्तीतही मर्यादेची तपासणी गळली ती एका योग्य हेतूच्या आड. यंत्राने चुका शोधण्याची साधने जसजशी वाढतील तसतसा त्यांच्या सूचना गप्प करण्याचा मोहही वाढेल, आणि म्हणून २००६ सालच्या त्या दोन ओळी आजही अभ्यासण्याजोग्या आहेत.

दुसरा निष्कर्ष दुरुस्तीच्या मर्यादेसंबंधी काढता येतो. संहितेची सुधारलेली आवृत्ती निघाली की दोष संपला असे इतिहासात नोंदले जाते. व्यवहारात तेथून दुरुस्तीला आरंभ होतो. प्रत्येक प्रत बदलावी लागते, आणि सदोष प्रतीतून जे निपजले, मग त्या दुर्बळ किल्ल्या असोत वा उघडे पडलेले पासवर्ड, त्याचा स्वतंत्र माग काढावा लागतो. हे काम करणाऱ्यांची नावे निवेदनांत येत नाहीत.

तिसरा आणि मुख्य निष्कर्ष वाचकासंबंधी आहे. डेबियनच्या देखभालकर्त्याने आपले अज्ञान कबूल करून प्रश्न विचारला होता. तो प्रश्न पूर्ण वाचून, दोन्ही ओळी आपापल्या जागी ठेवून उत्तर देणे हे कोणाचेही नेमलेले काम नव्हते. हार्टब्लीडच्या वेळी तपासणी झाली होती, पण तपासणाऱ्या मनुष्यबळाचा आणि मजकुरावरील भरवशाचा काही मेळच नव्हता. १९९८ साली पाच जणांनी स्वीकारलेला हा वारसा सोळा वर्षे जगाने विनामूल्य वापरला. कॅनडातील ज्या नऊशे करदात्यांचे क्रमांक चोरीस गेले त्यांपैकी फारच थोड्यांनी ओपनएसएसएलचे नाव त्यापूर्वी ऐकले असेल. आपल्या गुप्ततेची जोखीम कोणत्या मजकुरावर आहे, आणि तो मजकूर कोण वाचतो, हे त्यांना विचारण्याची संधीच नव्हती. २०१४ नंतर निधी, धोरण व दुसऱ्या वाचकाची तपासणी यांच्या रूपाने या प्रश्नाचे जे उत्तर मिळू लागले आहे, ते टिकविणे हेही एक देखभालीचेच काम होय.